पूर्णांकाचा डबा

रेवणसिद्ध हत्तुरेनं उभ्या आयुष्यात कधी अर्धा पक्षी मोजला नव्हता.

वन खात्यात तो पक्षीगणनेच्या कामावर होता. उजनी धरणाच्या फुगवट्याला चिखलात पोटरीभर रुतून, दुर्बिणीला डोळा लावून त्यानं रोहित मोजले, चक्रवाक मोजले, शेकाट्यांचे थवेच्या थवे मोजले. हौशी मंडळी थव्याकडं नुसती नजर टाकून "पाचशे तरी असतील" म्हणून मोकळी व्हायची. असल्या अंदाजपंचे कारभाराची रेवणसिद्धाला मनस्वी चीड. गवताआडून नुसती मान दिसली, अंग दिसलं नाही, तर तो पक्षी त्याच्या हिशेबी नव्हताच. खात्री नसेल तिथं शून्य लिहायचं, हा त्याचा शिरस्ता. हाताखालचे लोक पाठीमागं म्हणायचे, "साहेबांच्या मोजणीत यायचं तर पक्ष्यानं येऊन हजेरी द्यावी लागते." हे त्याच्या कानावर आलं होतं. त्याचा त्याला राग तर नव्हताच, उलट जरासा अभिमानच वाटायचा.

असा हा माणूस निवृत्तीनंतर सोलापुरात संगणकाच्या वर्गात जाऊन बसला, तो काही हौसेनं नव्हे. त्याची बायको गिरिजा एका सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. जीव वाचला, पण हात, पाय, जीभ, पापणी, कशावरही तिचा ताबा राहिला नाही. शुश्रूषा केंद्रातल्या डॉक्टरांनी चाचण्या करून सांगितलं, की आत ती जागी असावी, ऐकत असावी, विचारही करत असावी. ते 'असावी' रेवणसिद्धाला सोसत नव्हतं. त्याला आहे किंवा नाही एवढंच हवं होतं.

अशा माणसांसाठी आता एक सोय निघाली होती. केसाहून बारीक तारांची जाळी कवटीच्या आत, मेंदूवर अलगद पसरायची. माणूस काही बोलायला जातो तेव्हा जीभ हलवणाऱ्या भागात विजेची हलकी लाट उठते. जीभ हलो वा न हलो, लाट उठतेच. जाळी ती लाट पकडते आणि उशाजवळच्या पेटीला एक आकडा देते. लाट किती मोठी, एवढंच तो आकडा सांगतो. शब्द नाही, वाक्य नाही.

शब्द देणारी यंत्रंही मध्यंतरी येऊन गेली होती. एका कंपनीच्या यंत्रातून एक म्हातारे गृहस्थ दोन वर्षं आपल्या लेकांशी बोलत होते. गोड बोलायचे, आशीर्वाद द्यायचे, नातवंडांची नावं घेऊन चौकशा करायचे. ते वारल्यावर कळलं, की जाळीची तार पहिल्याच आठवड्यात सुटली होती. यंत्र त्यांचे जुने निरोप चाळून स्वतःच्या मनानं बोलत होतं, आणि लेक बिचारे रोज संध्याकाळी त्या पेटीशी गप्पा मारत बसत होते. देशभर गहजब झाला आणि कायदा आला. लोक त्याला नात्याचा कायदा म्हणत. अंदाज बांधणारं कुठलंही तयार यंत्र जाळीला जोडायचं नाही. पेशंटच्या माणसानं स्वतः शिकून, स्वतःच्या हातानं लिहिलेला साधा प्रोग्रामच तेवढा जोडायचा. आकड्याचा अर्थ लावण्याचा हक्कही त्याचाच. दुसऱ्या कुणी त्यात बोटसुद्धा लावायचं नाही.

केंद्राच्या जेवणघराशेजारच्या खोलीत हा वर्ग भरे. निलोफर मुजावर नावाच्या चाळिशीतल्या बाई शिकवत. बाकावर कुणी रिक्षावाले, कुणी वकील, कुणी घरकाम करणाऱ्या बायका. पेशंटची माणसं, एवढंच त्यांच्यात सारखं. बाईंनी पहिल्याच आठवड्यात टेबलावर तीन स्टीलचे डबे मांडले.

"पेटीतून आकडा आला, की तो ठेवायला डबा लागतो," त्या म्हणाल्या. "डबा कुठल्या मापाचा, ते तुम्ही आधी सांगायचं. हा लहान. यात शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंतच बसतं. त्याच्या पुढं एक जरी कोंबलात तर तो तक्रार करत नाही, गुपचूप परत शून्यावर येतो. जुन्या स्कूटरचं मीटर शेवटाला गेलं की परत शून्यापासून सुरू व्हायचं ना, तसं. हा दुसरा, पूर्णांकाचा. यात कोटी मावतात, पण अखंड आकडेच. आणि हा तिसरा, दशांशाचा. यात साडेतीन, पावणेदोन, काहीही चालतं. पण हा जागा जास्त खातो, आणि शेवटच्या घरात थोडी लबाडीही करतो. एक दशांश आणि दोन दशांश मिळवलेत तर बरोबर तीन दशांश यायला हवेत, पण शेपटीला भलतेच बारीक आकडे चिकटलेले दिसतील. त्याचं आतलं गणितच तसं आहे."

"लबाडी करतो?" रेवणसिद्ध म्हणाला. "मग घ्यायचा कशाला?"

"कधी कधी लागतो, काका. काम बघून ठरवायचं. एक लक्षात ठेवा, पेटीची जागा थोडी आहे, उगाच मोठा डबा घेऊ नका. प्रतिसादाचा आकडा शून्य ते शंभरच्या मध्ये येतो."

रेवणसिद्धाचं तिथंच ठरलं. इतकी वर्षं अंदाजपंचेवाल्यांशी भांडलेला माणूस जाणूनबुजून लबाड डबा घेणार होता थोडाच! त्यानं प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत लिहिलं, 'पूर्णांक प्रतिसाद'. पुढच्या ओळींत लिहिलं, की प्रतिसाद शून्याहून मोठा आला तर तो साठवायचा आणि गिरिजाच्या कानाशी आपला भरून ठेवलेला आवाज वाजवायचा. मग दार लावून घेऊन, दोनदा घसा खाकरून त्यानं तो आवाज भरला, "ऐकलं गं."

वर्गात सगळ्यांनी स्वतःच्याच डोक्याला, वरूनच लाट पकडणारी पट्टी बांधून आपापले प्रोग्राम तपासून पाहिले. रेवणसिद्ध मनात गिरिजाचं नाव बोलला आणि पडद्यावर त्रेचाळीस आला, पाठोपाठ पेटीतून त्याचा आवाज. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी त्याचा प्रोग्राम सगळ्यांना दाखवला. इतका नेटका प्रोग्राम आजवर वर्गात कुणी लिहिला नव्हता.

गिरिजाच्या मेंदूवर जाळी बसवली गेली आणि पेटी तिच्या उशाशी आली. रेवणसिद्धानं खुर्ची पुढं ओढली.

"गिरजे, मी आलोय. ऐकायलीस का?"

पडद्यावर शून्य होतं.

त्यानं परत विचारलं. तिच्या बहिणीचं नाव घेतलं, माहेरच्या गावाचं नाव घेतलं, अक्कलकोट रोडवरच्या त्यांच्या पहिल्या भाड्याच्या खोलीची आठवण काढली. शून्य हललं नाही. पहिल्या दिवशी असंच असतं, असं त्याला नर्सनं सांगितलं. दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं. पुढं नर्सनं सांगणं सोडून दिलं.

पलीकडच्या खोलीत वर्गातल्याच थोबडे वहिनींचा नवरा होता. त्यांच्या पडद्यावर सात यायचे, कधी अकरा यायचे, आणि वहिनी पदरानं डोळे पुसत पुसत पॅसेजभर सांगत सुटायच्या. रेवणसिद्ध त्यांना "छान, छान" म्हणायचा आणि आपल्या खोलीचं दार लोटून घ्यायचा.

उन्हाळा गेला, पाऊसकाळ गेला. घरी तो एकटाच. त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि गिरिजाच्या मैत्रिणी गिरिजासाठी यायच्या, त्याच्यासाठी कोण येणार? सकाळी खानावळीचा डबा यायचा, तोच तो दोन्ही वेळा खायचा. घरात रेडिओ लावायचा, तो कुणाचातरी आवाज असावा म्हणून. दुपारी केंद्रात जायचा. सुरुवातीला तो गिरिजाला दिवसभराचं सगळं सांगत असे. मग निम्मं सांगायला लागला. मग नुसतं "आलो गं" आणि "निघतो गं". मधला वेळ तो तिच्याकडं न बघता पडद्याकडं बघत बसायचा. पाणवठ्याला पक्षी उतरतो का बघत बसायची सवय होतीच त्याला. फरक इतकाच, की तिथं पक्षी उतरायचे.

त्याला आकड्याची शंका कशी आली नाही, असं कुणीही विचारील. प्रोग्राम तपासलेला होता, पेटी चांगली होती, हे खरंच. पण त्याहून खरं कारण दुसरं होतं. ते शून्य त्याला आतून पटलं होतं. लग्नानंतरचे सगळे हिवाळे त्यानं उजनीला काढले होते. गिरिजा फोन करायची, विचारायची, जेवलाव का, स्वेटर घातलाव का, कधी येताव. तो दुर्बिणीतून नजर न काढता "हं, हं" करायचा. हे तो कधी विसरला नव्हता. आता तिची पाळी आली आणि ती गप्प राहिली, यात कसला अन्याय? असं त्याचं त्यानं ठरवून टाकलं होतं आणि ते शून्य मुकाट्यानं सोसत होता. कधीमधी रागही यायचा. एकदा तो चक्क म्हणाला, "बोलायचं नसंल तर नको बोलू." म्हणाला आणि लगेच बाहेर पॅसेजमध्ये जाऊन उभा राहिला.

दिवाळीनंतर केंद्राच्या समितीनं त्याला बोलावलं. डॉक्टरीण बाई फार हळुवारपणे बोलल्या. पेट्या मोजक्याच आहेत, मागं रांग लागलेली आहे. इतके महिने एकही प्रतिसाद नाही म्हणजे आत कुणी ऐकत असेल अशी आशा धरणं कठीण. पेटी काढली तरी गिरिजाताईंची शुश्रूषा अगदी नीट होईल. त्यांना मागच्या इमारतीतल्या शांत कक्षात हलवू. तिथं अवेळी भेटायलाही येता येतं.

"तिथल्या लोकांशी कुणी बोलतं का?" रेवणसिद्धानं विचारलं.

"बोलायला आपली बंदी नाही," डॉक्टरीण बाई म्हणाल्या.

त्यानं संमती दिली. खात्री नव्हती, तिथं शून्य. त्याचा आजवरचा शिरस्ता तोच होता.

पेटी काढायला परांडकर नावाचा तंत्रज्ञ आला, तेव्हा दुपारचं ऊन खिडकीतून गिरिजाच्या पायावर पडलं होतं. परांडकरानं जाळीची तार पेटीतून सोडवून आपल्या हातातल्या मीटरला लावली. पेटी पुढच्या पेशंटला द्यायची, तर तिच्यात येणारा प्रवाह ठीक आहे का, एवढं बघून घ्यायचा नियम होता. रेवणसिद्ध पलंगाजवळ उभा राहिला.

"गिरजे, पेटी काढायलेत आता," तो म्हणाला. "मी येत जाईन. येतो म्हणजे येतोच."

परांडकर मीटरकडं बघत थांबला. रेवणसिद्धानंही मान वळवून पाहिलं. मीटरवर ०.३८ होतं. बघता बघता ते ०.५१ झालं आणि उतरून ०.०२ वर आलं.

"हे काय?" रेवणसिद्धानं विचारलं.

"आकडा, काका. लाटेचा."

"शून्यच ना?"

"शून्य कुठं? एक्कावन्न शतांश होते की आत्ता. पाच शतांशाच्या खाली असलं तर यंत्राची खरखर धरायची. त्याच्या वरचं माणसाचं." परांडकरानं गिरिजाकडं पाहिलं, मग रेवणसिद्धाकडं. "काका, तुमच्या पेटीवर तर कधीच काही आलं नाही म्हणून लिहिलंय."

रेवणसिद्ध खोलीबाहेर पडला. मुजावर बाई वर्गात फळा पुसत होत्या. त्यानं आपला प्रोग्राम त्यांच्यापुढं उघडून धरला. बाईंनी पहिली ओळ वाचली आणि त्या बाकावर बसल्या.

"मीटरवर किती आलं म्हणालात?"

"एक्कावन्न शतांश."

"काका," बाई म्हणाल्या, "पूर्णांकाचा डबा टिंबाच्या पुढचं ठेवत नाही. जवळच्या आकड्यालाही नेत नाही तो, सरळ कापतो. नव्याण्णव शतांश आले तरी त्यात शून्यच उरतं."

"तुम्ही शून्य ते शंभर म्हणाला होता."

"धडधाकट माणसाचा तसाच येतो. पेशंटचा पाच-दहा येतो. एकाच्याही खाली कुणाचा असेल, असं माझ्या डोक्यातच आलं नाही. डबा कापतो हे सांगायला हवं होतं मी. सांगितलंच नाही. वर तुमचा प्रोग्राम नेटका म्हणून मिरवला."

रेवणसिद्धाला त्यांच्यावर रागवायलाही सवड नव्हती. "मागचे आकडे काढता येतील का?" त्यानं विचारलं. "इतक्या महिन्यांचे?"

"ते शून्याहून मोठे कधी दिसलेच नाहीत, म्हणून साठलेच नाहीत, काका. गेले ते."

तो भिंतीला टेकून उभा राहिला. म्हणजे ती बोलत होती. पहिल्या दिवसापासून बोलत होती. तो विचारत होता आणि ती होता नव्हता तेवढा सगळा जोर लावून उत्तर देत होती, आणि तो तिच्यापुढं खुर्चीत बसून तिचं प्रत्येक उत्तर टिंबापाशी कापून फेकत होता. आणि पेटीला शून्यच दिसलं, म्हणून तिच्या कानाशी 'ऐकलं गं' एकदाही वाजलं नव्हतं. तिला काय वाटलं असेल? नवरा रोज येतो, हाक मारतो, आणि आपण ओ दिली की गप्प बसून राहतो.

बाईंनी कळफलक त्याच्याकडं सरकवला. कायद्यानं त्यांना हात लावता येत नव्हता. त्यानं स्वतःच 'पूर्णांक' खोडून 'दशांश' लिहिलं, आणि खालच्या ओळीत शून्याच्या जागी पाच शतांश. सगळं मिळून चहा गाळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

समितीनं पेटी सोमवारपर्यंत ठेवायला मान्यता दिली. मीटरचा आकडा धरता येणार नव्हता. त्याच्याच प्रोग्राममधून, पुन्हा पुन्हा प्रतिसाद यायला हवा होता. न आला तर पेटी रांगेतल्या पुढच्या माणसाची. यात कुणाची चूक म्हणावी? रांगेतही कुणाचीतरी गिरिजा होतीच.

त्यानं पेटी जोडली, खुर्ची ओढली. "गिरजे, ऐकायलीस का?"

पडद्यावर ०.०२ आला. मग ०.०१. मग परत ०.०२.

संध्याकाळपर्यंत तेच चाललं. दुसऱ्या दिवशीही तेच. परांडकर जाता जाता डोकावला आणि थोडा घुटमळला. "काका, वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला. "हाकेला ओ मिळाली नाही तर मेंदूपण हळूहळू नाद सोडतो. तुम्ही पेटी काढायलेत म्हणालात, तेव्हा जोर करून उठल्या असतील. पुढं होईलच असं नाही."

मग रेवणसिद्धानं विचारायचंच सोडलं. त्याच्या मनात आलं, प्रश्न आपण कशाला विचारायचे? प्रश्न तिचे असणार. इतके महिने तीच विचारत असणार, आणि काय विचारत असणार हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं? तो उत्तरं द्यायला लागला.

"जेवलो. खानावळीचा डबा येतो, बरा असतो. भाजीत तेल लई असतंय. टाकीची मोटर बंद करतो आठवणीनं. एकदा विसरलो होतो, वरच्या मजल्यावरच्या बाई भांडायला आल्या. तुझ्या साड्यांत डांबरगोळ्या टाकल्यात. शेजारच्या सविताचं लग्न झालं, मी गेलो नव्हतो, पाकीट पाठवलं. गुडघा दुखतो, डॉक्टरकडं गेलो नाही. जाईन. रुद्राक्षाची माळ तुटली होती, ओवून आणली. दळण आणत नाही, पीठच विकत आणतो. माहिताय, तुला चालत नाही."

आठवतील तेवढी उत्तरं त्यानं दिली. नर्स येऊन गिरिजाची कूस बदलून गेली, तरी तो बोलतच होता. ज्या माणसानं बायकोशी फोनवर दोन वाक्यांपुढं कधी मजल मारली नाही, त्याचा घसा बसला. थोबडे वहिनी दारातून बघून गेल्या आणि त्याच्यासाठी थर्मासमध्ये आल्याचा चहा ठेवून गेल्या. पडद्यावर ०.०३ आला, ०.०१ आला. एकदा ०.०४ आला आणि तो उठून उभा राहिला. मग परत खाली बसला.

घरी गेल्यावर त्याला रेडिओ लावावासा वाटला नाही. आजवर तो एकटा होता, तो बायको बोलत नाही म्हणून. आता ती बोलत होती हे कळल्यावर तो अधिकच एकटा झाला. आधीच्या एकटेपणात निदान दोघांचा वाटा होता. हा सगळा त्याचा होता.

रविवारी दुपारी मुजावर बाई आल्या. सुट्टी असूनही आल्या होत्या. पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहून त्यांनी बराच वेळ त्याचं बोलणं ऐकलं. तो पाणी प्यायला थांबला तेव्हा त्यांनी विचारलं, "काका, काकूंना सांगितलंत का?"

"काय?"

"डब्याचं."

रेवणसिद्धानं भांडं खाली ठेवलं. "तिला कशाला त्रास द्यायचा? आधीच काय कमी भोगलंय तिनं?"

"त्रास त्यांना होईल म्हणून, की तुम्हाला होईल म्हणून?" बाईंनी विचारलं. मग स्वतःच ओशाळल्या. "माफ करा. मी बाहेर थांबते." आणि त्या दार ओढून घेऊन गेल्या.

गेले काही दिवस त्यानं जगातलं सगळं सांगितलं होतं, डांबरगोळ्यांपर्यंत सांगितलं होतं. हे एक तेवढं टाळलं होतं. सांगितलं तर तिला कळणार, की तिच्या ओ ला ओ न देणारा आजार नव्हता, नशीबही नव्हतं, तिचा नवरा होता. आणि ती आत नसेलच, तर हे सांगूनही काही उपयोग नव्हता. ती आत आहे याची खात्री नव्हती. पडद्यावर ०.०२ होता.

त्यानं खुर्ची इतकी पुढं घेतली, की त्याचे गुडघे पलंगाच्या लोखंडाला टेकले.

"गिरजे," तो म्हणाला, "एक सांगायचंय. तू बोलत होतीस. मला आता कळलंय. तू पहिल्या दिवसापासनं बोलत होतीस, आणि मला दिसत नव्हतं. दिसत नव्हतं म्हणजे, मीच तसं करून ठेवलं होतं. डबा निवडायचा होता. मॅडमनी तीन दाखवले. एकात बारीकसारीक सगळं राहतं, पण तो शेवटाला जरा चुकतो म्हणाल्या. मला ते पटलं नाही. मी पूर्णांकाचा घेतला. त्यात एकाच्या खालचं काही राहत नाही, गिरजे. तुझं सगळं एकाच्या खालचं होतं. मी इथं बसून तुझं सगळं पुसलं. वर तुझ्यावर रागावलो. तुला म्हणालो, बोलायचं नसंल तर नको बोलू. मी शून्य बघितलं आणि मला वाटलं, बरोबर आहे, आपल्याला हेच मिळायला पाहिजे. एकदाही वाटलं नाही, की उघडून बघावं. उघडून बघितलं असतं तर पहिल्याच आठवड्यात..."

त्यानं कपाळ पलंगाच्या कठड्याला टेकवलं आणि तो रडला. उजनीच्या थंडीत, आईच्या मयताला, गिरिजाला ॲम्ब्युलन्समध्ये घालताना, कधीच तो असा रडला नव्हता.

"ऐकलं गं," पेटी म्हणाली.

तो दचकला. आवाज त्याचाच होता, काही महिन्यांपूर्वीचा, उमेदीचा. त्यानं मान वर केली. पडद्यावर ०.१२ होता. बघता बघता ०.४० झाला. "ऐकलं गं," पेटी परत म्हणाली. ०.६६. "ऐकलं गं." गिरिजाचा चेहरा होता तसाच, छताकडं. पापणी हलत नव्हती. ०.८५. त्यानं हात लांब करून पेटीचा आवाज बंद केला, कारण त्या भरून ठेवलेल्या आवाजाला आता तिथं काही काम नव्हतं.

"ऐकायलोय," तो स्वतः म्हणाला. "बोल."

आकडा ०.९३ वर थरथरला आणि मग एकाच्या वर गेला. १.०८. १.२७. १.३१. हा आकडा त्याच्या जुन्या, कापणाऱ्या डब्यातसुद्धा राहिला असता. इतका जोर तिनं प्रेमानं विचारताना लावला नव्हता, घाबरून हाक मारताना लावला नव्हता, पेटी काढायलेत म्हटल्यावरही लावला नव्हता. तो तिनं आत्ता लावला होता, हे सगळं ऐकून झाल्यावर. त्याला त्याचा अर्थ कुणाला विचारायची गरज पडली नाही.

दार हळूच उघडलं. मुजावर बाईंना बाहेरून त्याचा आवाज गप्प झालेला कळला असावा. त्यांची नजर पडद्यावर गेली आणि त्यांनी तोंडावर हात घेतला.

"काका! काय म्हणतायत काकू?"

रेवणसिद्धानं बाहीनं नाक पुसलं. पडद्यावर १.४० झाला होता.

"शिव्या घालायलीय," तो म्हणाला. "तुम्ही बसा मॅडम. लई वेळ चालंल."